फोटोला हार का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या घरी आलेला पाहुणा पडवीत टेकला की वर बघून हेच विचारतो: नौदलाच्या गणवेशातला हा मुलगा कोण, आणि बाकी सगळ्या फोटोंना हार आहेत, यालाच का नाही?

तो माझा धाकटा काका. 'आयएनएस खुकरी'वर होता. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं खुकरीवर टॉर्पेडो सोडले आणि काही मिनिटांत जहाज तळाला गेलं. 18 अधिकारी, 176 नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. काका 21 वर्षांचा होता, हे आमच्यापुरतं.

तार इंग्रजीत आली. आजोबांना मराठी आणि पोर्तुगीज यायची, इंग्रजीच्या नावानं शून्य. तार मास्तरांकडे नेली. 'मिसिंग' या शब्दापाशी मास्तर अडखळले आणि म्हणाले, "सापडत नाही म्हणतात." त्यांना दोष देत नाही, त्या माउलीसमोर मीही तेच म्हटलं असतं. आजीनं तेवढंच धरून ठेवलं. सापडत नाही म्हणजे शोधतायत. त्यातून दीव! तेव्हा गोवा, दमण आणि दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश. "आपल्याच सरकारच्या हद्दीत आहे, येईल," म्हणायची. दीव कुठं, पेडणं कुठं, हे तिला सांगायला कुणाची जीभ रेटली नाही.

पुढं दुसरं पत्र आलं, पेन्शन सुरू झाली. बारा वर्षांनी भटजींनी पालाशविधी सुचवला. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. आजी म्हणाली, "पानांचा कशाला? माझा हाडामासाचा आहे." विषय तिथंच मिटला. ती गेली, तिच्या फोटोला हार चढला. याच्या फोटोपाशी आमचा हात काही गेला नाही.

जहाज बुडालं त्या वर्षी चवथीला काका रजेवर आला होता. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट त्यानंच बांधली, एका कोपऱ्याला जहाजावरची गाठ मारून. असली गाठ म्हणे एका झटक्यात सुटते; आम्हाला पन्नास वर्षांत जमलं नाही. दरवर्षी चौकट त्या दोरीसकटच माळ्यावर जायची. यंदा वाळवीनं ती खाल्ली, नवी करावी लागली. सुताराकडून गाठीचा कोपरा तेवढा कापून घेतला आणि फोटोच्याच खिळ्याला अडकवला.

आता पाहुणे आधी त्याचंच विचारतात.