माइकची हिस मायक्रोव्होल्टमध्ये

मागच्या खेपेला तानपुरा अगदी मंद छेडून टिपला, तेव्हा तारांच्या मागे सतत हिस (बारीक ‘सूं’ असा आवाज) ऐकू येत होती. माइकची की रेकॉर्डरची, ते कळेना. या आठवड्यात दोघांना व्होल्टमध्ये आणून शेजारी ठेवलं.

माइक रोडचा एनटी१-ए. डेटाशीटवर सेल्फ नॉइज (माइकची स्वतःची हिस) ५ डीबी, ए-वेटेड, म्हणजे कानाला जसं ऐकू येतं त्या प्रमाणात मोजलेला. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आवाजाच्या दाबामागे माइक किती व्होल्टेज देतो ते, पास्कलला २५ मिलिव्होल्ट. एक पास्कल म्हणजे ९४ डीबी एसपीएल (आवाजाच्या दाबाची पातळी), सगळा हिशेब याच खुंटीला टांगलेला. ९४ मधून ५ गेले, उरले ८९. १० चा उणे ८९/२० वा घात ०.००००३५५. त्याला २५ मिलिव्होल्टने गुणलं की ०.८९ मायक्रोव्होल्ट.

रेकॉर्डरचं ईआयएन, म्हणजे त्याच्या प्रीअँपची (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाची) इनपुटपाशी धरलेली हिस, उणे १२० डीबीयू; डीबीयू हे व्होल्टेजचं डीबीतलं माप. इथे मी आधी घसरले: शून्य डीबीयू म्हणजे १ व्होल्ट धरला. ते झालं डीबीव्ही. डीबीयूचं शून्य ०.७७५ व्होल्टला, म्हणून उत्तर ०.७८ मायक्रोव्होल्ट. जवळजवळ माइकइतकंच! दोन्ही हिस स्वतंत्र, त्यामुळे सरळ बेरीज चालत नाही; वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं, १.१८ आलं. म्हणजे माझ्याकडे ५ डीबीचा माइक साडेसातचा होतो. (ईआयएन ए-वेटेड नसेल तर दोनेक डीबी इकडेतिकडे.)

आता प्रिमोची ईएम२७२ कॅप्सूल (माइकचा आवाज टिपणारा भाग) बघा. सेल्फ नॉइज १४ डीबी, पण सेन्सिटिव्हिटी ४० मिलिव्होल्टच्या घरात, म्हणून हिस ४ मायक्रोव्होल्ट. तिच्यापुढे हाच रेकॉर्डर ०.२ डीबीचीही भर घालत नाही. शांत माइकलाच प्रीअँप जास्त चांगला लागतो, हे मला आकडे मांडल्यावरच नीट पटलं.

मग पडताळणी. माइकच्या जागी लावून फक्त रेकॉर्डरची हिस मोजता यावी म्हणून एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) प्लगच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर केला, त्याला फँटम (माइकला केबलमधून मिळणारी वीज) बंद, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) तोच. रात्री दोन वाजता पंखा आणि फ्रिज बंद करून आधी रेझिस्टर, मग माइक. ए-वेटिंग लावून पाहिलं तर माइक लावल्यावरची पातळी ३० डीबी वर! ०.७८ च्या बत्तीसपट, सुमारे २५ मायक्रोव्होल्ट. हिशेब उलटा फिरवला: खोलीच ३४ डीबीची आहे. माइक आणि रेकॉर्डर दोघंही तिच्या कितीतरी खाली.

खिडकीच्या फटी बुजवून, गोधड्या टांगून हीच मापं पुन्हा घेणार आहे. रेझिस्टरचा प्लग जपून ठेवलाय.