आबांची वारी, माझे पाय

आळंदी, पुण्यातले मुक्काम, सगळं गर्दीत आणि पोलिसांच्या शिट्ट्यांत निघून गेलं. वारी मला खरी लागली ती दिवे घाटात. एकादशीचा दिवस, पोटात जेमतेम राजगिऱ्याचा लाडू, हडपसर सोडल्यापासून डोक्यावर ऊन. पुढे रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या. बाया फुगड्या घालत होत्या आणि मला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायचाही कंटाळा आला होता. दिंडीतले एक काका म्हणाले, "बुवांची नात ना तू? तुझा आजा घाटात कधी बसला नाही बघ." आजा नसेल बसला, नात बसणार, असं मनात म्हणून मी कठड्यावर टेकले. खाली वळणावळणानं भगव्या पताका चढत होत्या. काय सुरेख दिसतं ते! पण शेजारच्याचा मोबाइल मध्ये आला.

आबा गेल्या माघात गेले, 84 वर्षांचे होऊन. आमचं गाव साताऱ्याकडे, कोरेगावच्या बाजूला. शनिवारी जरंडेश्वराचा डोंगर, पाऊस लागला की वर्धनगड, आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या आत आळंदी. पहाटे साडेचारला पूजा उरकायचे ती देवासाठी की लवकर रानात पळायला मिळावं म्हणून, यावर घरात दोन मतं होती. गळ्यात तुळशीची माळ आणि कोपरीच्या खिशात कसलं तरी बी, चिंचोके नाहीतर करंजाच्या बिया. सोहळा आजच्या रूपात सुरू करणारे हैबतबाबा आरफळचे, म्हणजे आपल्या सातारकडचे, हे ते अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, भावकीतलेच असतील.

दिंडीत टाळकरी. पण मुक्कामाला राहुटीत झोपायचे नाहीत. घोंगडी काढायची आणि जवळच्या झाडाखाली जायचं, पाऊस असला तरी. दिंडीवाल्यांना याचा वैताग यायचा, कारण पहाटे यांना शोधायला कोणाला तरी पाठवावं लागे. मला आता कळतं ते का जायचे. राहुटीत तीसजणींच्या घोरण्यात आणि ओल्या लुगड्यांच्या वासात मी रात्ररात्र जागी असायचे. वीतभर जागेवरून भांडणं. दिवसभर एकमेकींच्या पाया पडणाऱ्या बाया रात्री सतरंजीच्या कडेवरून असं बोलायच्या की विचारू नका. काकड्याला पुन्हा त्याच हसतमुखानं "माउली, माउली".

लोणंदला की त्याच्या आधी, नक्की आठवत नाही, आमच्या दिंडीला पाण्याचा टँकर मिळाला नाही. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी दंड वर केला, सगळा तळ एकदम चिडीचूप, आणि आमच्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले. तक्रार असली की असेच वाजवत ठेवायचे. चोपदार आले, ऐकून घेतलं. एवढ्या माणसांत आम्हालाच पाणी नाही म्हणून मी सुद्धा टाळ बडवत होते, चांगली त्वेषानं. नंतर वाटलं, अख्ख्या वाटचालीत इतकं मनापासून मी काही वाजवलं नव्हतं.

चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण पाहिलं. म्हणजे धूळ आणि टाचा पाहिल्या. घोडा गेला म्हणे.

आणि मग तरडगाव ते फलटण. सुरवडी मागे पडली तेव्हा डाव्या टाचेचा फोड फुटला होता आणि उजव्याचा फुटायच्या बेतात होता. आभाळ कोरडं. खाली काँक्रीट, तेही चौपदरी, तापलेलं. बूट महागातले, खास वारीसाठी घेतलेले. दुकानदारानं डोंगर चढून दाखवण्याची हमी दिली होती. दिंडी पुढे गेली. निंभोऱ्याच्या आसपास मी रस्त्याच्या कडेला एका बंद टपरीच्या सावलीत बसले आणि कोणी बघत नाही असं पाहून रडले.

बघत होती. एक म्हातारी, परभणीकडची, खताच्या गोणीची पिशवी खांद्याला. "रडायलीस कशाला माय? पाय दे इकडं." मी पाय मागे घेतला. वयानं आजीएवढी बाई, तिच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा? तिनं घोटा धरून ओढलाच. पिशवीतून सुई काढली, दोरा ओवला, आणि फोडाच्या एका कडेतून घालून दुसरीकडून काढला. दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली, पाणी झिरपून जावं म्हणून. सुई कुठली, कधीची, असल्या शंका माझ्या तोंडापर्यंत आल्या होत्या. (डॉक्टर मैत्रिणीला नंतर सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. तुम्ही करू नका.) वर खोबरेल चोपडलं, लुगड्याची चिंधी गुंडाळली. मग तिनं माझा बूट उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि पिशवीतला अडकित्ता काढून त्याची मागची भिंत सरळ कातरली. मी ओरडलेच. "टाच मोकळी ऱ्हायली पायजे," ती म्हणाली आणि दुसराही कातरला.

मला इतका राग आला की आभार मानायचे राहिले. ती सुपारी कातरत बसली, त्याच अडकित्त्यानं. अर्धं खांड मला दिलं. मी तिला आबांबद्दल सांगितलं, दिंडीचा नंबर सांगितला, उंच होते, खांद्यावर घोंगडी असायची. मला वाटलं होतं, ती म्हणेल, हो, ओळखते की! "इतक्या मान्सांत कोन कुनाला वळखतंय माय," ती म्हणाली आणि उठून चालायला लागली. माझ्यापेक्षा भराभर. तिचं नाव विचारलं नाही. बुटांच्या सपाता झाल्या होत्या, आणि त्या सपाता मी पंढरपूरपर्यंत फटक्‌फटक् वाजवत नेल्या. टाच पुन्हा दुखली नाही.

आबांना मुक्कामांची नावं सांगायची सवय नव्हती. ते झाडं सांगायचे. "जुळ्या लिंबाशी न्याहारी केली, चिंचेच्या बनात भजन झालं." त्यातला एक वड सारखा यायचा, फलटण सोडून बरडकडे जाताना, विहिरीजवळचा. त्याखाली झोपलो की पहाटे पावशा उठवतो, काकड्याची गरज नाही, असं म्हणायचे. तो मला बघायचा होता. 2021 साली पालखी महामार्गाचं भूमिपूजन झालं, आता रुंद रस्ता झालाय, रथाला सोपं जातं, ॲम्ब्युलन्सला वाट मिळते, हे मी नाकारत नाही. पण सावलीचं काय? दुभाजकात फुलझाडं, कडेला गुडघ्याएवढी रोपं. चहावाल्याला वडाचं विचारलं तर म्हणाला, "ताई, वड लई हुते. कुठला सांगू?"

आबांचं सगळंच गोड होतं असं नाही. पाऊस लांबला की पेरणी आणि वारी एकाच आठवड्यात यायची, आणि ते निघायचे. तिफणीमागे आजी, सोबत रोजंदारीचा गडी. "पेरणी इठोबा करायला येणार हाय का?" ती म्हणायची. "मग उगवून कोण आणतं?" हे त्यांचं उत्तर. आजी कधी वारीला गेली नाही. तिला कोणी विचारलं होतं का, हेही मला माहीत नाही. 2020 साली पादुका एसटीनं गेल्या तेव्हा आबा रोज त्या त्या टप्प्याच्या अंतराएवढे शेताच्या बांधावरून चालले. आजी दुपारी भाकरी घेऊन जायची आणि बांध तुडवून बसवला म्हणून बोलणी देऊन यायची. शेवटची दोन वर्षं ते पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये होते, पाचव्या मजल्यावर. गॅलरीत खुर्ची. मृगाच्या आसपास रोज विचारायचे, पावशा ओरडला का? मी हेडफोन काढून "काय?" म्हणायची.

वेळापूरचा धावा, बाजीराव विहीर, वाखरी. दर्शनाच्या रांगेत थांबायची ताकद नव्हती, कळसाला हात जोडले. चंद्रभागेत पाय घातले, पाणी होतं तसं होतं.

वाळवंटातून आजीला फोन लावला. पाऊस आहे का, बुक्का घेतलास का, पायाचं काय, सगळं झालं. मी म्हटलं, आबांचा तो बरडचा वड काही सापडला नाही, तोडला वाटतं.

"कुठला? विहिरीवरचा? त्याच्याखाली तर इंचू चावला हुता त्यास्नी. मालट्रकात बसून घरी आलते, पाय हा एवढा सुजल्याला. त्या वर्षी पंढरपूर बघितलंच नाही. मला म्हनले कुनाला सांगू नगं. आन् वारी पुरी झाल्याचं मावंदं मात्र घातलं गावाला, पुरनपोळीचं. पोळ्या मीच लाटल्या, तोंड मिटून."