रीवर्कची वही

चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनतात. बॉनेटपासून डिकीपर्यंत पसरलेलं वायरींचं जाळं म्हणजे हार्नेस. ते आजही मुख्यतः हातानेच बांधतात, मोठ्या कलत्या बोर्डावर, एकेक वायर ओढून घेत. ऑपरेटर बहुतेक मुली, विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या, चौघी-पाचजणी मिळून खोली करून राहणाऱ्या. भरती मोठी आणि गळतीही मोठी. मी औद्योगिक मानसशास्त्राचं काम करते. मला विचारलेला प्रश्न सरळ होता: भरतीच्या दिवशीच सांगा, यातली कोण चांगलं काम करेल?

तोवर तिथली निवड म्हणजे बारावीची मार्कशीट आणि पाच मिनिटांच्या गप्पा. त्या गप्पांत ‘लग्न ठरलंय का?’ हमखास असायचं. तो प्रश्न मी पहिल्याच दिवशी काढायला लावला. त्यावरून बरीच कुरबुर झाली.

कोणत्या कसोटीवरून पुढच्या कामाचा अंदाज येतो, यावर शंभर वर्षं संशोधन चाललंय. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांचे अभ्यास एकत्र करून पाहिले. 1 म्हणजे तंतोतंत जुळणी आणि 0 म्हणजे काहीच संबंध नाही असं धरलं, तर शिक्षणाची वर्षं जेमतेम 0.10 वर अडकली. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणारे 0.02 वर. (अर्जदाराचं अक्षर तपासून घेणारे मालक मला अजूनही भेटतात.) पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये तीच आकडेमोड पुन्हा तपासली. आधीच्या संशोधकांनी गणिती दुरुस्त्या करताना बरेच आकडे फुगवले होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या यादीत सगळ्यात वर आली ती आखीव मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुण देण्याची पट्टीही तीच. तिचाही आकडा 0.42. या धंद्यात अव्वल नंबराला एवढेच गुण मिळतात, हे मी प्रत्येक कंपनीत आधीच सांगून टाकते.

आम्ही तीन गोष्टी ठेवल्या. एक आखीव मुलाखत. दुसरी पर्ड्यू पेगबोर्ड: जोसेफ टिफिन यांनी 1948 मध्ये बनवलेली, छोट्या पिना भोकांत बसवण्याची चाचणी, बोटांची चपळाई मोजणारी. तिसरा प्रत्यक्ष कामाचा नमुना. कनेक्टरच्या प्लॅस्टिकच्या खोबणीत टर्मिनल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची पिन, बसवताना आधी दाबायचं, मग ‘टक’ आवाज ऐकायचा, मग वायर हलकेच ओढून पाहायची. ओढून पाहणं घाईत सगळ्यात आधी सुटतं, आणि अर्धवट बसलेलं टर्मिनल पुढे गाडीत हादऱ्यांनी निसटतं. आम्ही उमेदवाराला हे एकदाच दाखवायचो आणि विसाव्या टर्मिनललाही ती ओढून पाहते का, एवढंच बघायचो.

सहा महिन्यांनी लाइन लीडरांनी दिलेले कामाचे गुण आले. आमच्या चाचण्यांशी लावून पाहिले, तर जुळणी शून्याच्या आसपास. एचआर मॅनेजर सभ्य माणूस. म्हणाले, “मॅडम, पिनांचा खेळ मुलींना आवडला हो...” आणि पुढचं बोललेच नाहीत.

एक कारण मला माहीत होतं. चाचणीत खाली राहिलेल्या मुलींना घेतलंच नव्हतं. उरल्या त्या सगळ्या वरच्या, मग त्यांच्यात फरक दिसणार किती? पण तेवढ्याने जुळणी घटते, इतकी साफ पुसली जात नाही.

म्हणून गुणपत्रकं घेऊन बसले. गती, गुणवत्ता, शिस्त, शिकण्याची तयारी आणि हजेरी असे पाच रकाने. जिला 4, तिला आडवे सगळीकडे 4. जिला 2, तिला सगळीकडे 2. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या गुणांत हेच पाहिलं होतं: बांधा, बुद्धी, नेतृत्व, सगळ्याला सारखेच मार्क. हेलो इफेक्ट हे नाव तिथूनच पडलं. तिसऱ्या बोर्डावरच्या एका मुलीला हजेरीतही 2 होते. पंचिंगचं रेकॉर्ड काढलं, तर सहा महिन्यांत तिचा खाडा जवळजवळ नाहीच. कामाच्या नमुन्यात ती आमच्याकडे पहिल्या काहीजणींत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या शिफ्टला लाइनवर जाऊन उभी राहिले. तिच्या मागेच. हात सावकाश वाटत होता, पण एक हालचाल वाया जात नव्हती. दर थोड्या वेळाने कोणीतरी यायचं, चेकरवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, लाल दिवा लागलेला हार्नेस तिच्या बोर्डाच्या कडेला टाकायचं आणि न बोलता निघून जायचं. ती हातातलं काम ठेवायची, टेप सोडायची, चुकलेली पिन काढून योग्य जागी बसवायची, ओढून पाहायची, पुन्हा टेप मारायची. तिचा स्वतःचा हार्नेस तोवर बोर्डावर अर्धा लटकलेला.

लाइन लीडरला विचारलं, “सगळं रीवर्क हिच्याकडेच?”

“हिच्याकडून गेलं की परत येत नाही मॅडम. दुसरीला दिलं तर तेच दोनदा करावं लागतं.”

“मग गुणवत्तेला 2 कसे?”

तो जरा चाचरला. “तिचा आकडा बघा ना. रोज कमी. वर टार्गेट पडलं नसलं तरी साडेतीनला निघतेच. जरा थांबा म्हटलं की उलट बोलते.”

साडेतीनला कंपनीची बस सुटते. ओव्हरटाइमला थांबलं की हायवेपर्यंत चालत जायचं आणि पदरच्या पैशाने शेअर रिक्षा करायची. मुलगी उलट बोलत होती ती एवढंच.

चेकरपाशी सुतळीला बांधलेली एक शंभर पानी वही होती. कोणत्या बोर्डाचा हार्नेस परत आला, चूक काय, दुरुस्त कोणी केला, हे क्वालिटीच्या पोराने रोजच्या रोज लिहिलेलं. दुरुस्तीच्या रकान्यात पानंच्या पानं एकच आद्याक्षर. ही वही गुणपत्रक भरताना कोणीही उघडली नव्हती. मी तिचे सगळ्या पानांचे फोटो घेतले.

संध्याकाळच्या बैठकीत प्रॉडक्शन, क्वालिटी आणि एचआर या तिघांना म्हटलं, आपापल्या मते सगळ्यात चांगल्या पाच ऑपरेटरांची नावं लिहा, एकमेकांना न दाखवता. तिन्ही याद्यांत असलेलं नाव एकही नव्हतं. क्वालिटीच्या यादीत ती मुलगी पहिली होती, प्रॉडक्शनच्या यादीत सगळ्या थांबणाऱ्या मुली. भाकीत चुकलं असं म्हणायला आधी कशाचं भाकीत हवंय ते ठरायला हवं, आणि या तिघांनी ते आपसात कधी बोलूनच घेतलं नव्हतं. पुढचा तासभर ते भांडले. माझ्या मते त्या सहा महिन्यांतलं सगळ्यात उपयोगाचं काम त्या तासात झालं.

नंतर वहीतून प्रत्येकीच्या स्वतःच्या चुका वेगळ्या काढल्या आणि चाचण्यांशी पुन्हा लावल्या. ओढून पाहण्याच्या सवयीचा चुकांशी संबंध स्पष्ट दिसला. पेगबोर्डचा वेगाशी थोडाफार. मुलाखतीचं चित्र धूसरच राहिलं. हजेरी आता पंचिंगवरून घेतात, चुका वहीतून, आणि ओव्हरटाइमला थांबणं कामाच्या गुणांत धरत नाहीत. रीवर्कचं वेगळं टेबल आणि त्याला वरची ग्रेड, ही सूचना मात्र प्रॉडक्शनने अडवून ठेवली, कारण तेवढा एक हात लाइनवरून कमी होतो.

पुढच्या तुकडीवर हे सगळं नव्याने तपासायचं होतं, पण आकडे पुरेसे जमलेच नाहीत. त्यातल्या बऱ्याच मुली वर्षाच्या आत रांजणगावला गेल्या. तिथे ओव्हरटाइमनंतरही बस मिळते.