छर्ऱ्याची बंदूक, चौथा महिना: स्प्रिंग बदलली नाही

मंडळी, गुणांचं आधी उरकतो. ४० छर्ऱ्यांत ४०० पैकी ३१२. मागच्या महिन्यात ३०५ होते. स्प्रिंगची बंदूक, उघडी साइट, अंतर १० मीटर. कोल्हापूरच्या माणसाने नेमबाज तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळेच्या जिल्ह्यात हा आकडा मोठ्याने सांगू नये, पण नोंद ती नोंद.

या महिन्याची खरी मजा क्रोनोग्राफची, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राची. मित्राकडून दोन दिवसांसाठी आणला. आपल्याकडे विनापरवाना एअर रायफलची हद्द दोन आकड्यांनी आखली आहे: नळीचं भोक ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमीपर्यंत, आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत. २०१६ चे शस्त्र नियम तेच सांगतात. हे पाठ होतं, पण स्वतःची बंदूक कधी मोजली नव्हती.

०.५३ ग्रॅमचा छर्रा, दहा वेळा. सरासरी २१८ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे १२.६ ज्यूल. पहिला छर्रा मात्र २४६ ने गेला, १६ ज्यूल! आदल्या रात्री तेल जरा सढळ हाताने घातलं होतं. दाबाने ते आत पेटतं आणि छर्ऱ्याला जादा ढकलतं. तो आकडा सरासरीत धरला नाही. तेल बेतानेच घाला.

गंमत म्हणजे, अभिनव बिंद्राने २००८ ला ज्या प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्यातल्या रायफली साधारण १७०-१७५ च्या वेगाने मारतात. आठेक ज्यूल फक्त. माझी जत्रेतल्या फुगेवाल्याच्या बंदुकीची चुलतबहीण त्याच्या दीडपट जोरकस, आणि निशाणा हा असा.

मग तो मित्र म्हणाला, "जड स्प्रिंग टाकूया की." हिशेब मांडला: याच छर्ऱ्याला २७५ चा वेग मिळाला की २० ज्यूल भरले. त्यापुढे बंदूक दिसायला तीच, पण कायद्याने परवान्याची. ५.५ मिमीच्या नळीचंही तसंच. ती कितीही मवाळ असली तरी परवाना लागतोच. स्प्रिंग दुकानातच राहिली. कागदी कार्डाला १२ ज्यूल रग्गड होतात.

डोळा फोडायलाही होतात. पहिल्या महिन्यात मी कार्डामागे कडक फळी लावली होती आणि एक छर्रा उलटून माझ्या पायाशी आला. आता रिकाम्या गोठ्यात तिरका जाड लोखंडी पत्रा, पुढे चिंध्या ठासलेली पेटी. चष्म्याशिवाय घोड्याला बोट नाही. तरी शेजारच्या काकूंनी विचारलंच, "आमची पोरं इथनंच पळत असत्यात, बाबा. दार लावतोस न्हवं?" लावत नव्हतो. आता आतून कडी घालतो, बाहेर लाल फडकं टांगतो.

त्यांचा दुसरा प्रश्न पाखरांचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढे "छर्ऱ्याचीच तर आहे" चालत नाही; होला-पोपट मारणं ही शिकारच. अरुणाचलात २०२१ पासून सरकारने पाखरांसाठीच गावोगावच्या एअरगन जमा करून घ्यायला सुरुवात केली. काकूंना ते ऐकून बरं वाटलं. मला जरा कमी.

सणासुदीला पोलिसांचा कलम ३७ चा मनाई आदेश (हत्यारं घेऊन फिरायला बंदी) निघतो तेव्हा बंदूक घराबाहेर काढत नाही. एरवी कव्हरमध्ये, पावती खिशात.

पुढच्या महिन्यात ०.४५ ग्रॅमचे हलके छर्रे. तोवर काकूंच्या धाकट्याने कार्डं मोजायचं काम मागितलंय, गोळीबार संपल्यावर.