आर्ट हिस्टरी घेतलंय, म्हणजे नक्की काय करतेस?

घरातल्या कुठल्याही लग्नात हा प्रश्न येतोच. आत्याला वाटतं मी ड्रॉइंग शिकतेय, काकांना वाटतं हिस्टरी आहे म्हणजे पुढे एमपीएससी देणार, आणि दोन्ही नाही म्हटलं की पुढे कोणाला काय बोलावं तेच सुचत नाही, मग मी गुपचूप अजून एक जिलेबी घेते. म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं, यापुढे विचारलं की लिंक पाठवेन.

मी बडोद्याला शिकते. इथली फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950 ची, पेंटिंग-स्कल्प्चरच्या शेजारीच आमचं डिपार्टमेंट, त्यामुळे कॅन्टीनमध्ये सगळ्यांचे हात रंगाने माखलेले आणि आमचे झेरॉक्सच्या शाईने. आम्हाला चित्र काढायचं नसतं, चित्राची उलटतपासणी करायची असते. कधीचं, कोणी करून घेतलं, पैसे कोणाचे, कुठे लावलेलं होतं, आणि हे सगळं तू कशावरून म्हणतेस? शेवटचा प्रश्न सगळ्यात वाईट. 'छान आहे' असं उत्तर दिलं की मार्क शून्य.

उदाहरण मळवलीचंच घ्या. पुणे-लोणावळा लोकलने कितीतरी लोक रोज त्या स्टेशनवरून जातात. उतरलात की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले, दोन्हीकडे जुनी बौद्ध लेणी. भाज्याचं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं मोठं दालन, साधारण इ. स. पू. दुसऱ्या शतकातलं, आणि आतले खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. आता दगडातच कोरलंय म्हटल्यावर खांब तिरके करायची काहीच गरज नव्हती, छत काही पडणार नव्हतं! पण लाकडी इमारतीत छताचा भार खांबांना बाहेर ढकलतो म्हणून ते आत झुकवत असणार, आणि कोरणाऱ्यांनी ती सवय जशीच्या तशी दगडात आणली. वर छताला तर खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्यात. म्हणजे त्या काळातल्या ज्या लाकडी इमारती आज शिल्लकच नाहीत त्या कशा असतील ते आपण या गुहेवरून ताडतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिथे मान वर करून इतका वेळ उभी होते की वॉचमनकाका येऊन विचारून गेले, ताई बरं वाटतंय ना.

तिथल्याच एका विहारात (भिक्षूंच्या राहायच्या लेण्यात) चार घोड्यांच्या रथातला एकजण आणि हत्तीवरचा एकजण कोरलाय. पुस्तकात बहुतेक वेळा सूर्य आणि इंद्र लिहिलेलं असतं, पण सगळ्यांना ते पटलेलं नाही आणि वाद अजून चालूच आहे. (आमच्या वर्गात पण, आणि फार आवाजात.)

कार्ल्याला खांबांवर देणगीदारांची नावं आहेत, ब्राह्मी लिपीत. राजेच नाहीत हं, साधी माणसं पण, त्यातले बरेचजण धेनुकाकट नावाच्या गावचे आणि काही स्वतःला यवन (तेव्हाच्या अर्थाने ग्रीक) म्हणवणारे. धेनुकाकट नक्की कुठे होतं यावर पण वाद. मला ही नावं शिल्पांपेक्षा जास्त आवडतात खरं सांगायचं तर, कारण एवढं मोठं काम एका खिशातून झालेलं नाही हे तिथे लिहूनच ठेवलंय.

आणि त्याच मळवलीत राजा रविवर्म्याचा छापखाना होता! 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत इकडे हलवला. आमच्या आजीच्या देवघरात जी लक्ष्मी आहे ना, कमळात उभी, शेजारी हत्ती, तिच्या खाली बारीक अक्षरात प्रेसचं नाव आणि कार्ला-लोणावळा छापलंय. आजीने इतकी वर्षं हळदकुंकू लावल्यामुळे अर्धं झाकलं गेलंय. याच रविवर्म्याने बडोद्याच्या सयाजीरावांसाठी 14 पौराणिक चित्रं केली, ती राजवाड्यात, आणि छापील देव मात्र घरोघरी. ऑइल पेंटिंग एकच असतं, पण छापायचं म्हणजे एकेका रंगाला वेगळा दगड, तो नीट जुळला नाही तर देवीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर. मी भिंग घेऊन देवघरात बसले तेव्हा आजी म्हणाली, पाया पडायचं सोडून काय शोधतेस गं. मग तिलाच दाखवलं, तर आता येईल त्या पाहुण्याला तीच दाखवते.

कठीण काय म्हणाल तर वाचन. बरंचसं इंग्रजीत, तेही जड, मराठी मीडियमवाल्यांचं पहिलं वर्ष डिक्शनरीतच जातं. ब्राह्मी त्यामानाने सोपी, खरंच. संस्कृत-प्राकृत येत असेल तर मजा आहे.

नोकरीचं म्हणाल तर म्युझियम, गॅलरी, ऑक्शन हाऊस, आर्काइव्ह, प्रकाशन, नाहीतर नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देऊन शिकवणं. जागा कमी, सुरुवातीचा पगार इंजिनिअर भावाला सांगू नये असा, आणि एमए केल्याशिवाय फारसं कोणी विचारत नाही. काका, हे तुमच्यासाठी लिहिलंय. एमपीएससी नाही देणार.