एलिनोरचा हुंदका

मंगळवार, रात्री

इंग्लिश अभिनेत्री एमा थॉम्पसनने जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या सिनेमाच्या शूटिंगच्या काळात लिहिलेली रोजनिशी सध्या वाचतेय. पटकथेसोबत एकाच पुस्तकात ती छापली आहे. १९९५ साल, डेव्हनमधली जुनी घरं, भरवशाचं नसलेलं हवामान, घट्ट आवळलेले जुन्या काळचे पोशाख. आणि तैवानहून आलेला दिग्दर्शक अँग ली. त्याचा हा पहिलाच इंग्रजी सिनेमा. सुरुवातीला त्याने उदबत्त्या लावून सगळ्यांकडून प्रार्थना करून घेतली, म्हणजे आपला मुहूर्ताचा नारळच. नटांना तो आपापल्या पात्रावर लिहून आणायला गृहपाठ द्यायचा. इंग्लिश नट मात्र सेटवर दिग्दर्शकाला बिनधास्त सूचना करणारे. तैवानमध्ये दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा, त्यामुळे तो आधी हबकला, दुखावलाही. मग हळूहळू दोन्हीकडच्यांना एकमेकांची रीत कळत गेली.

या सगळ्यात एमा दोन्ही बाजूंना आहे. पटकथा तिची आणि सिनेमातली थोरली बहीण एलिनोरही तीच. मुळात लिहिताना स्वतः एलिनोर करायचं तिच्या मनात नव्हतं. कादंबरीतली एलिनोर १९ वर्षांची आणि ही पस्तिशीची. पण अँग लीला तीच हवी होती. मग पटकथेत एलिनोरचं वय २७ झालं. मला हा बदल फार आवडतो. त्या काळात २७ वर्षांची अविवाहित मुलगी म्हणजे लग्नाची आशा सोडून दिलेली. त्यामुळे तिच्या गप्प राहण्याला एकदम वजन येतं.

बुधवार

आज वाचनाला वेळच नव्हता, पण डोक्यात तीच घोळत होती. अभिनय आणि लेखन या दोन्हींसाठी ऑस्कर मिळालेली ती आजवरची एकमेव व्यक्ती आहे. 'हॉवर्ड्स एंड'साठी १९९३ मध्ये अभिनेत्री म्हणून, आणि 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'साठी १९९६ मध्ये पटकथाकार म्हणून. तिच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या चार ओळींत हे येतंच. पण त्यातून काय कळतं, हे कोणी सांगत नाही. मला वाटतं, ती नट म्हणूनसुद्धा लेखकासारखी काम करते. कुठलं वाक्य नको आहे, हे तिला ठाऊक असतं.

हे घरातूनच आलं असणार. वडील एरिक थॉम्पसन हे नट आणि दिग्दर्शक, पण इंग्लंडमध्ये घरोघरी ओळख झाली ती 'द मॅजिक राउंडअबाउट'मुळे. मुलांसाठीची ही बाहुल्यांची मालिका मूळ फ्रेंच. बीबीसीने ती घेतली तेव्हा एरिकनी फ्रेंच संवादांचा अनुवाद केलाच नाही. नुसती चित्रं बघायची आणि त्यांवर आपली नवी गोष्ट रचायची, असं ते करायचे, आणि आवाजही तेच द्यायचे. एमाचा जन्म १९५९ चा. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि बाप घरात मुक्या चित्रांसाठी शब्द शोधत बसलेला. आई फिलिडा लॉ, स्कॉटिश अभिनेत्री. धाकटी बहीण सोफी, तीही अभिनेत्रीच. वडील १९८२ मध्ये गेले, अवघ्या ५३ व्या वर्षी.

तोवर एमा केंब्रिजमधून इंग्रजी साहित्य शिकून बाहेर पडली होती. तिथल्या फूटलाइट्स या विनोदी नाटकमंडळीत स्टीव्हन फ्राय आणि ह्यू लॉरी तिचे सोबती. १९८० मध्ये तिने मैत्रिणींबरोबर फक्त बायकांचा असा प्रहसनांचा कार्यक्रम बसवला. केंब्रिजमध्ये असा कार्यक्रम पूर्वी झालेला नव्हता. पुढच्या वर्षी फूटलाइट्सच्या मंडळींनी एडिनबरोच्या महोत्सवातलं विनोदासाठीचं पेरिए पारितोषिक आणलं. म्हणजे तिची सुरुवात विनोदाची आणि स्वतः लिहिलेल्या मजकुराची. गंभीर भूमिका नंतर आल्या.

आणि मग १९८८. बीबीसीवर तिची स्वतःची प्रहसनमालिका आली, 'थॉम्पसन' नावाची, लेखन तिचंच. समीक्षकांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. आदल्याच वर्षीच्या दोन मालिकांमधल्या कामांसाठी बाफ्टा हे मानाचं ब्रिटिश पारितोषिक मिळवलेली ही मुलगी, आणि स्वतःचं लिखाण घेऊन आली तर लोकांनी धुडकावून लावलं. ही गोष्ट मला त्या दोन ऑस्करांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण त्या पडलेल्या मालिकेतली जुन्या काळातल्या बायकांची प्रहसनं लिंडसे डोरन या अमेरिकन निर्मातीने पाहिली. जेन ऑस्टिनच्या कादंबरीला पटकथाकार शोधत ती कधीची थांबली होती. विनोद आणि काळीज दोन्ही असणारा माणूस तिला हवा होता, आणि तो तिला त्या प्रहसनांत सापडला. जिने तोवर एकही पटकथा लिहिली नव्हती, तिच्या हातात तिने हे काम दिलं. पुढे जवळजवळ पाच वर्षं एमा इतर कामं सांभाळत खर्डे लिहीत राहिली. एकदा तर कॉम्प्युटरने सगळी पटकथा खाऊन टाकली. ती घाबरून तो घेऊन थेट स्टीव्हन फ्रायच्या घरी गेली आणि त्याने कित्येक तास खपून मजकूर परत काढून दिला. कॉलेजातली मैत्री अशी कामाला येते.

गुरुवार

'हॉवर्ड्स एंड'बद्दल एक गोष्ट लिहून ठेवायची राहिली. त्याचे निर्माते इस्माइल मर्चंट आपल्या मुंबईचे, १९३६ चा जन्म, झेवियर्सचे विद्यार्थी. पैशांची जमवाजमव करणं आणि युनिटला स्वतः रांधून खाऊ घालणं, या दोन्ही गोष्टींसाठी त्यांचं नाव होतं. पटकथाकार रूथ प्रवर झाबवाला या कित्येक वर्षं दिल्लीत राहिलेल्या. ज्या समारंभात एमाला अभिनयाचं ऑस्कर मिळालं, त्याच समारंभात रूथना त्याच सिनेमाच्या पटकथेचं मिळालं.

त्याच मंडळींच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'मधला एक प्रसंग आज जेवताना परत लावला. अँथनी हॉपकिन्सचा बटलर आपल्या खोलीत पुस्तक वाचतोय. मिस केंटन म्हणजे एमा विचारते, काय वाचताय? तो दाखवत नाही, छातीशी धरून ठेवतो. ती जवळ जाते आणि त्याची बोटं एकेक करून सोडवते. पुस्तक निघतं साधी प्रेमकथा. तो म्हणतो, भाषा सुधारावी म्हणून वाचतो. तिच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागतं आणि मध्येच थांबतं, कारण दोघं किती जवळ उभे आहेत, हे त्याच क्षणी तिच्या लक्षात येतं. तेवढ्यात सगळं होऊन जातं.

शनिवार

आज मोकळा दिवस. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' पुन्हा बघितला, पटकथा मांडीवर घेऊन. कादंबरीही शेजारी होती.

एलिनोरच्या सगळ्यांत धाकट्या बहिणीला, मार्गारेटला, कादंबरीत फारसं काम नाही. एमाने तिला जिवंत केलंय. बाप गेल्यावर घर हातचं जाणार, म्हणून ती रुसून लायब्ररीत टेबलाखाली दडून बसते. एलिनोरला आवडणारा एडवर्ड तिला बाहेर ये म्हणत नाही. तो एलिनोरशी मुद्दाम नाइल नदीबद्दल बोलू लागतो, आणि एलिनोर गंभीर चेहऱ्याने सांगते की नाइल बेल्जियममध्ये आहे. दोघं भूगोलाचा असा काही चुथडा करतात की शेवटी टेबलाखालून चिडलेला आवाज येतो, नाइलचा उगम ॲबिसिनियात आहे! यातलं काही ऑस्टिनने लिहिलेलं नाही. पण एडवर्ड किती भला आहे आणि एलिनोर त्याच्यावर का जीव टाकते, हे आपल्याला एका शब्दाच्या प्रेमसंवादाशिवाय कळतं.

आणि शेवटचा प्रसंग. एडवर्ड कॉटेजवर येतो. सगळ्यांची समजूत ही की त्याचं लग्न झालंय. अवघडलेली विचारपूस चालते, हवापाण्याच्या गोष्टी निघतात. मग कळतं, लग्न झालं ते त्याच्या भावाचं. कादंबरीत इथे एलिनोर जवळजवळ पळतच खोलीबाहेर जाते आणि दार लागल्यावर रडते. सगळ्यांची काळजी घेणारी, मनातलं कायम पोटात ठेवणारी ती, तिथेही कोणाला अश्रू दिसू देत नाही. एमाने तिला खोलीतच ठेवलंय, त्याच्यासमोर. आणि बाहेर पडतो तो नाजूक हुंदका नव्हे. तो आवाज चक्क बेढब आहे. पहिल्या क्षणी हसू येतं. मग आई आणि बहिणी लगबगीने खोलीबाहेर पडतात आणि एडवर्ड रडणाऱ्या एलिनोरशी बोलू लागतो. पुढची मागणी आपल्याला दाखवतच नाहीत. झाडावरच्या घरात चढलेली मार्गारेट दुर्बिणीतून बघून खाली आईला आणि बहिणीला बातम्या देते, तो शेजारी बसला, तो गुडघ्यावर बसला!

मी घरातली थोरली. हा प्रसंग कितीदाही बघितला तरी तिच्याबरोबर माझाही बांध फुटतो. अख्खा सिनेमाभर एमाने सुंदर वाक्यं मधली बहीण झालेल्या केट विन्स्लेटला दिली, गमती मार्गारेटला दिल्या, आणि स्वतःसाठी राखला तो हा एक आवाज. नुसत्या नटाला हे सुचलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

१९९६ च्या जानेवारीत तिला याच पटकथेसाठी गोल्डन ग्लोब मिळालं. तिथे तिने भाषण केलं ते जेन ऑस्टिनच्या शैलीत. जणू ऑस्टिनच त्या समारंभातून घरी परतून कोणाला तरी पत्र लिहिते आहे. ऑस्करच्या वेळी तिने सांगितलं की ती विंचेस्टर कॅथेड्रलमध्ये ऑस्टिनच्या समाधीवर जाऊन आली होती, आदर व्यक्त करायला आणि तिकीटविक्रीची खबर द्यायला.

रविवार

'लव्ह ॲक्चुअली'मधला तिचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. नवऱ्याच्या खिशात दिसलेल्या सोन्याच्या हाराऐवजी हातात गाण्यांची सीडी येते, ती बेडरूममध्ये एकटी डोळे पुसते, पलंगावरची चादर हाताने सारखी करते आणि हसतमुख होऊन मुलांकडे जाते. ती चादर सारखी करणारी बाई मी आमच्या बिल्डिंगच्या दर मजल्यावर बघितली आहे.

'नॅनी मॅकफी'ची पटकथाही तिचीच. पण मला 'विट' त्याहून मोठं काम वाटतं. २००१ चा. मार्गारेट एडसनच्या नाटकावरून दिग्दर्शक माइक निकोल्स आणि एमा यांनी मिळून पटकथा केली. जुना इंग्लिश कवी जॉन डन याच्या अवघड कविता शिकवणारी प्राध्यापिका, म्हणजे एमा, कॅन्सरने अंथरुणाला खिळली आहे. आयुष्यभर शब्दांवर हुकमत गाजवलेली बाई. शेवटी तिच्या म्हाताऱ्या शिक्षिका भेटायला येतात आणि विचारतात, डन म्हणून दाखवू? ती कण्हत नको म्हणते. मग त्या पलंगावर तिच्या शेजारी बसतात आणि पणतूसाठी घेतलेलं सशाच्या पिल्लाचं पुस्तक वाचू लागतात.

धाकटीला मगाशी फोन करून सांगितलं, आधी 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' बघ, मग 'रिमेन्स'. 'विट' मात्र रात्री एकटीने बघू नकोस, मी दिवाळीत येते तेव्हा सोबत बघू.