स्टिअरिंगवर कोण होतं?

आरटीओतली लायसन्सची सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. ना पिंजरा, ना पुकारा. साहेबांचं टेबल, समोर दोन खुर्च्या, आणि तुमचा मुद्दा रंगात आला की नेमकं कुणीतरी सहीसाठी फाईल सरकवतं. वडोदऱ्यात दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात वकिली करत दिवस काढणाऱ्या मला तिथे अवघडल्यासारखंच होतं.

दांडिया बाजारातले एक काका स्कूल व्हॅन चालवतात. त्यांच्या घरच्या कारचा अतिवेगाचा मेमो, म्हणजे कॅमेऱ्याच्या फोटोवरून निघालेलं चलान, आला. दंड त्यांनी मुकाट्याने भरला. मागोमाग नोटीस: तीन महिन्यांसाठी लायसन्स सस्पेंड का करू नये? लायसन्स माणसाचं असतं, गाडीचं नाही. ते गेलं की व्हॅनही उभी. आणि शाळा सुरू असताना व्हॅन उभी राहिली की पालक दुसरी लावतात, मग परत येत नाहीत.

मी मेमोचा फोटो मोठा करून छापून घेतला. गाडी मागून टिपलेली. नंबर प्लेट लख्ख, काचेवर खंडोबाचं स्टिकर, बंपरला पोचा. चालकाच्या जागी नुसती उन्हाची तिरीप. वेळ दुपारी 12.52. शाळेच्या गेटवरच्या रजिस्टरात 12.45 ला काकांची सही होती, आणि कॅमेरा हायवेवर.

"मग हायवेला कोण होतं, काका?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ताई, पोराला नुकतीच नोकरी लागलीय, फिरतीची. माझंच होऊ द्या सस्पेंड."

मी सांगितलं, नाव घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण माझ्या शेजारी बसून खोटं बोलायचं नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे पोलिसांनी विचारलं तर मालकाला चालकाचं नाव द्यावंच लागतं.

सुनावणीत माझं म्हणणं एवढंच होतं: त्याच कायद्याचं कलम 19 लायसन्सधारकाचं वागणं बघतं, गाडीची मालकी नाही. अपात्र ठरवायचं तर कारणं लेखी द्यावी लागतात. या फोटोवरून काकांविरुद्ध कोणतं कारण लिहिणार? आदेश विरुद्ध गेला तर अपिलाला 30 दिवस होतेच, पण तोवर व्हॅनचं काय?

साहेबांनी रजिस्टरची प्रत चष्मा वर करून वाचली. मग मला बाजूला ठेवून थेट काकांना विचारलं, "तो पछी गाडी कोण चलावतुं हतुं?"

काकांनी रुमालाने मान पुसली. "मारो दीकरो, साहेब."

नोटीस तिथेच निकाली निघाली. सुटकेचा आनंद मात्र काकांच्या तोंडावर औषधालाही नव्हता. जिन्यात ते माझ्या दोन पायऱ्या पुढेच उतरले.

थोड्याच दिवसांत मुलाच्या नावाची नोटीस घेऊन दोघे ऑफिसात आले. ती केस मी घेतली नाही. ज्या जबाबावर बापाला सोडवलं, त्याच्याच विरुद्ध मी कशी उभी राहणार? त्यांना ओळखीच्या एका वकिलांचा नंबर दिला. मुलगा "थँक्यू" म्हणाला. काका अजून रागावलेले आहेत.